चहाच्या आधी शेवटची रेकॉर्ड

मी दोन बैठका मागितल्या, कारण मला एक हवी होती. सरांनी अर्धी देऊ केली.

"अर्धी म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे आधी आमचा ठरलेला कार्यक्रम. मग उरलेल्या वेळात तुमचं ते जे काय आहे ते."

"ते संगीतच आहे, सर."

"असेल. मी कुठं नाही म्हणतोय?"

सर आमच्या श्रवण मंडळाचे अध्यक्ष. महिन्यातून एका रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये माणसं जमतात, जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं ऐकतात, त्यावर बोलतात, चहा पितात आणि जेवायला घरी जातात. सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांना गाण्यातलं कळतं, हे मी नाकारत नाही. माणूस कसा आहे हा प्रश्न वेगळा.

मंडळाची साउंड, म्हणजे स्पीकर आणि मशीन, पहिल्यापासून माझी. पूर्वी मी मागं मशीनपाशी बसायचो. एकदा एका जुन्या मुद्रणावर चर्चा चालू होती. गायकाचा आवाज एका जागी एकदम दूर गेल्यासारखा वाटतो, तिथं केवढी व्याकुळता आहे, असं सगळे म्हणत होते. मी मागून म्हणालो, "तिथं त्यांनी माईकवरून तोंड वळवलंय." सरांनी मान न वळवता उत्तर दिलं, "आवाजाचं तुम्ही बघा, गाण्याचं आम्ही बघतो." लोक हसले. फार नाही, थोडेच. सगळा हॉल हसला असता तर मी विसरलो असतो. ते थोडं हसणं मात्र राहिलं.

पुढच्याच महिन्यात मी रीतसर सभासद झालो. साउंड लावून झाली की पहिल्या रांगेत जाऊन बसायला लागलो. सरांच्या शेजारची खुर्ची मोकळी असेल तर तिच्यावर. पण बैठक कधी मागितली नव्हती. यंदा मागितली, ती एका इंग्रज बँडवर. बँड म्हणजे वरातीचा नाही. दोन माणसं आणि त्यांची विजेवर चालणारी वाद्यं, आणि त्यात जाझ. सरांनी हे ऐकून घेतलं तेव्हा त्यांचा चेहरा डॉक्टरकडं बसल्यासारखा होता.

घासाघीस त्यांच्या घराच्या ओट्यावर झाली. मी म्हणालो, आमचे सगळ्यात चांगले स्पीकर आणतो. ते म्हणाले, ते तर तुम्ही आणताच. मी म्हणालो, आपल्या संगीताशी तुलना करणार नाही. ते म्हणाले, ती करता येणारच नाही. शेवटी एक पूर्ण बैठक मिळाली, पण चहा सुटला नाही.

चहाचं सांगायला हवं. आमच्या मंडळात एक रीत आहे, ती कुठं लिहिलेली नाही. अध्यक्ष चष्मा काढून डबीत ठेवतात. डबी टक्कन मिटते. दाराशी उभा असलेला शिपाई जिना उतरतो आणि थोड्या वेळानं चहा वर येतो. चहा आला की ऐकणं संपलं. चांगलं चाललं असेल तर सर जेवणाची वेळ टळली तरी चष्म्याला हात लावत नाहीत. कंटाळा आला की डबी. पुण्याहून आलेल्या एका वक्त्याला त्यांनी वाक्याच्या मध्यात चहा पाजला होता. तो माणूस पुन्हा आमच्याकडं आला नाही.

"त्या दिवसापुरता चहा माझ्याकडं द्या," मी म्हणालो.

"तो अध्यक्षांचा अधिकार आहे."

"मग डबी तेवढी घरी ठेवून या."

सर हसले. "तुम्ही बाजार समितीत असायला हवे होतात."

"होतो की," मी म्हणालो. "वैजापूरला. कांद्याच्या गोण्या वाहत होतो."

ते उठले. मीही उठलो. मला त्या बँडच्या शेवटच्या रेकॉर्डपर्यंत पोचायचं होतं, चहाच्या आधी. तिच्याशिवाय बाकीचं कितीही सांगितलं तरी त्याला अर्थ नव्हता. आणि डबी त्यांच्या मांडीवर असणार होती.

वैजापूरहून मी शहरात आलो तो चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागलो. प्रेस शॉपमध्ये. पत्रा सरकवायचा, साचा खाली पडायचा, धप्प. पत्रा काढायचा, दुसरा सरकवायचा, धप्प. शिफ्ट सुटल्यावरही तो ठोका डोक्यात चालू राहायचा. जेवताना घास त्याच्यावर पडायचे. आमच्यात एक ऑपरेटर होता, तो त्या ठोक्यावर शिट्टी वाजवायचा. ठोक्याबरोबर नाही, जरा मागून, आळस दिल्यासारखी. मशीन आपल्या घाईत आणि हा आपल्या आरामात. त्या शिट्टीवर माझ्या कितीतरी शिफ्ट निघाल्या.

सुपरवायझरशी भांडून मी ती नोकरी सोडली आणि गुलमंडीच्या मागच्या बोळात कॅसेट भरून द्यायचं दुकान टाकलं. लोक चिठ्ठीवर गाणी लिहून आणायचे, मी ती कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचो. तिथं एकदा एक गोरा इंजिनिअर आला. कुठल्याशा कारखान्यात मशीन बसवायला आला होता. त्याच्या टेपनं कॅसेट खाल्ली होती, फीत सगळी चुरगळलेली. मी ती सोडवली, इस्त्री केल्यासारखी सरळ केली, आणि नीट चालते का बघायला लावली.

आधी नुसता ठोका आला. यंत्राचा, कोरडा. त्याच्यावर इलेक्ट्रिक पियानो, थेंब पडावेत तसा. आणि मग बऱ्याच वेळानं, ठोक्याच्या जरा मागून, ट्रम्पेट. मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. ती आमच्या शॉपमधली शिट्टी होती.

कॅसेट परत करण्याआधी मी तिची एक प्रत करून घेतली. इंजिनिअरनं मोडक्या हिंदीत सांगितलं ते एवढंच, की इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरणीच्या गावातली ही दोन पोरं. एकाचा बाप रेडिओ दुरुस्त करायचा, आणि तो पोरगा जुनी सिंथेसायझर, म्हणजे विजेवरची वाद्यं, विकत घेऊन खोलून बसायचा. दुसरा दारूच्या गुत्त्यात पियानो वाजवायचा, जाझ. पहिली रेकॉर्ड त्यांनी भाड्याच्या खोलीत केली, भिंतीला गाद्या लावून. माझ्या दुकानातही तेव्हा भिंतीला गोणपाट होतं. मला ते दोघं घरचे वाटले, त्याला मी काय करू?

पुढचं मी हळूहळू जमवलं. मुंबईच्या फुटपाथवरची जुनी मासिकं, कॅसेटच्या आतले बारीक अक्षरांतले कागद, नंतर इंटरनेट. दुसऱ्या रेकॉर्डवर तो ट्रम्पेटवाला आला. दोघांपेक्षा वयानं मोठा, खऱ्या जाझ बँडमध्ये वाजवलेला आणि तेव्हा कामावाचून बसलेला. तिसरी रेकॉर्ड त्यांची सगळ्यात मोठी. तिच्या एका अख्ख्या बाजूला एकच तुकडा आहे. ट्रम्पेट त्यात इतक्या उशिरा येतो, की आता येत नाही म्हणून तुम्ही उठायला लागता तेव्हा येतो.

आणि चौथी. चौथी मी मुंबईहून मागवली, दुकानाचं शटर अर्धं ओढून ऐकायला बसलो. जोरदार होती. नाचायला लावणारी. दोन्ही बाजू संपल्या तरी ट्रम्पेट आला नाही. कव्हर उलटून बघितलं तर त्या माणसाचं नावच नव्हतं. त्यांनी त्याला काढला होता. पियानोही कुठं कोपऱ्यात ढकललेला. त्याच रेकॉर्डवर त्यांचं नाव झालं, मैदानं भरायला लागली, फोटोत हजारो माणसं हात वर करून उभी. मला मात्र लेबल तेच ठेवून आतला माल बदलल्यासारखं झालं. घरी येऊन मी इतका ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. फसवलं मला."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते तुमचे कोण लागतात?"

पुढं पियानोवाला पण निघून गेला. यंत्रवाल्यानं एकट्यानं दोन रेकॉर्ड काढल्या, त्या मी ऐकल्या, पण ठेवल्या नाहीत. मग वर्षानुवर्षं काहीच नाही. इकडं कॅसेट बंद पडल्या आणि मी साउंडच्या धंद्यात आलो, लग्नं, वराती, गणपती. बोळात माझ्या शेजारी रेडिमेड कपड्यांचं दुकान असलेला माझा मित्र एकदा म्हणाला, "मियाँ, उन लोगाँ मैदान में गए तो तेरेकू गुस्सा आया. तू भी तो डीजे लगाया." मी त्याला सांगितलं, गप बस, मला पोट होतं. तो म्हणाला, "उनकू नहीं था?" त्या दिवशी मी त्याच्याशी बोललो नाही.

आणि अलीकडं, म्हातारे झाल्यावर, ते तिघं परत एका खोलीत बसले आणि एक रेकॉर्ड केली. शेवटची, असं त्यांनीच सांगून टाकलं. ती मी परदेशातून मागवून घेतली. पहिल्यांदा लावली तेव्हा घरात कुणी नव्हतं हे बरं झालं. तेव्हाच ठरवलं की ही बैठक मागायची.

त्या रविवारी बायको पहिल्यांदाच मंडळात आली. स्कूटरवर मागं बसून म्हणाली, "आज तिथं कुणावर डाफरू नका."

"मी कशाला डाफरू?"

"सकाळपासून कपबशीवर डाफरताय."

हॉल भरला होता. मी साउंड लावतो हे सगळ्यांना माहीत, पण मी बोलणार म्हटल्यावर जरा जास्तच आले असावेत. सर पहिल्या रांगेत मधोमध. चष्मा नाकावर, डबी मांडीवर. माझा मित्र त्यांच्या मागच्या खुर्चीवर. बायको तिसऱ्या रांगेत बायकांमध्ये. मी टेबलामागं, रेकॉर्ड प्लेअरपाशी.

नमस्कार चमत्कार करून मी पहिली रेकॉर्ड लावली. ती एका लांब सुरावर सुरू होते. सिंथेसायझरचा एकच सूर, त्यात हळूहळू दुसरा मिसळत जातो. मी बघत होतो. लोक माना खाली घालून अदबीनं बसले होते. उशिरा आलेला एक माणूस वाकून खुर्ची शोधत होता. दोन बायका हळू आवाजात बोलत होत्या. मला वाटलं, धरलं यांना.

तेवढ्यात सर म्हणाले, "तंबोरे जुळले असतील तर आता गाणं सुरू करू या."

हॉल हसला. तेव्हा मला कळलं की ते सगळे खरोखरच वाट बघत होते. मैफलीच्या आधी तंबोरे जुळेपर्यंत बसतात तसे बसले होते.

"सर, हेच गाणं आहे," मी म्हणालो.

या वेळी हसू आणखी मोठं आलं. मी टेबलाची कड धरली. तिसऱ्या रांगेतून बायको माझ्याकडं एकटक बघत होती. मित्र पुढं वाकून हळूच म्हणाला, "गिऱ्हाईक समझ उनकू. गिऱ्हाईक पे चिल्लाते क्या?"

मी सुई उचलली. रेकॉर्ड बाजूला ठेवून प्रेस शॉपचं सांगायला लागलो. तोंडानं ठोका करून दाखवला, टेबलावर हात आपटून. शिट्टीवाल्याचं सांगितलं. ते लोकांनी ऐकलं. माणसाचं ऐकतात, यंत्राचं ऐकत नाहीत. मग दुसऱ्या रेकॉर्डमधला तो कॅसेटवाला तुकडा लावला आणि ट्रम्पेट आला तेव्हा काही माना हलल्या. दुसऱ्या रांगेतले तबला जाणणारे एक गृहस्थ बोटांवर मात्रा मोजत होते. त्यांचा हिशेब चुकला, पुन्हा मोजला, पुन्हा चुकला आणि ते माझ्याकडं रागानं बघायला लागले. पण झोपले तरी नाहीत.

सरांचा हात डबीवर होता. बोटं नुसती वाजत होती.

चौथ्या रेकॉर्डला शिव्या घालायला मी भरपूर वेळ ठेवला होता. तो सगळा टाकून दिला. दोन वाक्यांत तिला संपवलं, कारण वेळ सरांच्या बोटांवर होता. पण तिसरी ऐकवल्याशिवाय शेवटची कळणार नव्हती. म्हणून तिची ती लांब बाजू लावली. ठोका सुरू झाला. पियानो आला. हॉलमध्ये खुर्च्या कुरकुरल्या. कुणीतरी खोकलं, मग त्याला बघून दुसरं कुणीतरी खोकलं.

सरांनी चष्मा काढला.

डबीत ठेवला नाही. रुमालानं काचा पुसत बसले. पण सगळ्या हॉलनं ते बघितलं. दाराशी शिपाई सरळ उभा राहिला. मी ट्रम्पेटची वाट बघत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की हा माणूस फार उशिरा येतो.

तेवढ्यात डावीकडच्या खुर्चीवरून एक बाई उभ्या राहिल्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आमच्या जुन्या सभासद. कधी फारशा बोलत नाहीत.

"थांबा," त्या म्हणाल्या. "हे मी ऐकलेलं आहे."

"तुम्ही कुठं ऐकलं, बाई?" सरांनी विचारलं.

"घरी. आमच्या कॅसेटच्या शेवटी असायचं हे."

कॅसेटची एक बाजू ठरावीक वेळेची असते. गाणी कितीही हिशेबानं बसवली तरी शेवटी दोन-तीन मिनिटं उरतात. दुसरे दुकानदार ती कोरी सोडायचे, नाहीतर अर्धं गाणं कोंबायचे, आणि गाणं मध्येच तुटलं की गिऱ्हाईक भांडायला यायचं. मी तिथं हे भरायचो. शब्द नाहीत, कुठंही तुटलं तरी तक्रार नाही. पण तेवढ्यासाठीच भरायचो असं नाही. मला वाटायचं, कधीतरी कुणीतरी दुकानाची पायरी चढून विचारेल, अहो, हे शेवटी काय वाजतं? मग मी त्याला आत बसवून सगळं ऐकवणार होतो. दुकान बंद होईपर्यंत कुणी विचारलं नाही.

"व्हय व्हय, आमच्याकडं पण होतं," मागून एक जण म्हणाला. "हे ढुम ढुम लागलं की आई म्हणायची, ऊठ, बाजू बदल."

"आम्हाला वाटायचं, कंपनीच भरून देते कोऱ्या कॅसेटमध्ये!" दुसरा म्हणाला. "बाजू संपली हे कळावं म्हणून."

"मला पण तसंच वाटायचं!"

आता सगळा हॉल बोलत होता. कुणी मांडीवर ठोका धरला, कुणी कॅसेट उलटायची नक्कल केली. कॅसेटची घंटा, असं कुणीतरी नाव ठेवलं आणि हशा झाला. सरसुद्धा हसले. सकाळपासून पहिल्यांदा सगळ्यांना मजा येत होती, आणि माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

"घंटा?" मी ओरडलो. "घंटा वाटली तुम्हाला? सगळ्या शहराच्या घराघरांत मी हे पोचवलं, फुकट, न सांगता! आणि तुम्ही काय केलं? उठून बाजू बदलली? इतकी वर्षं इथं बसून एकेका सुरावर वा वा करता, आणि एवढं घरात वाजत होतं ते एकाला ऐकू आलं नाही?"

माझा हात टेबलावर आपटला. सुई उडाली, रेकॉर्डवर खर्रकन आवाज झाला आणि संगीत थांबलं.

बायकोनं डोळे मिटून घेतले होते.

सरांनी चष्मा डबीत ठेवला. टक्. शिपाई जिना उतरून गेला.

मी उभाच होतो. शेवटची रेकॉर्ड टेबलावर तशीच, कव्हरमध्ये. मनात आलं की सगळं गुंडाळून आत्ताच खाली न्यावं, स्पीकरसकट, आणि यांना पुढच्या महिन्यात तोंडानं गायला लावावं.

"सर," बाई म्हणाल्या. त्या अजून उभ्याच होत्या. "मला पुढचं ऐकायचंय."

"बाई, चहा सांगितलाय."

"येऊ द्या की. मी कुठं नको म्हणते? पण दरवेळी इथंच मी उठलेली आहे, बाजू बदलायला. पुढं काय होतं ते मला माहीतच नाही." मग त्या माझ्याकडं वळल्या. आवाज वर्गातला झाला. "आम्ही नाही ऐकलं असं नाही. तुम्हीच तोडलंत ते, दरवेळी. आणि वर आमच्यावर ओरडता?"

मी उडालेली सुई उचलून बाजूला ठेवली.

"चहा येईपर्यंत वेळ आहे," सर म्हणाले. "बाईंना ऐकवा, काय राहिलंय ते. आणि मग आटपा."

चहा येईपर्यंत म्हणजे खालच्या टपरीवरून किटली वर येईपर्यंत. तेवढ्यात एकच काहीतरी बसणार होतं. बाईंना हवी होती ती लांब बाजू, तिच्यातलं उरलेलं. मला हवी होती शेवटची रेकॉर्ड. सगळा हॉल माझ्या हाताकडं बघत होता.

"बाई," मी म्हणालो, "ह्याच्या पुढचं ह्याच्यात आहे, नाही असं नाही. पण हीच धून त्यांनी म्हातारपणी परत वाजवलीय. ह्या दुसऱ्या रेकॉर्डवर. खरं पुढचं इथं आहे."

बाईंनी माझ्याकडं रोखून बघितलं. मी दुकानात पुष्कळ माल असाच विकलाय, मागितला एक, दिला दुसरा, आणि त्या ते ओळखत होत्या.

"फसवत नाही ना?"

"ऐका आणि मग बोला."

"लावा," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

मी शेवटची रेकॉर्ड काढली. सुई दोनदा बघून ठेवली. तोच ठोका, पण हळू झालेला. यंत्र म्हातारं होत नाही, त्यांनी मुद्दाम त्याला मागं धरलंय. पियानो. या वेळी ट्रम्पेटसाठी थांबावं लागत नाही. तो लगेच येतो, अर्धीच धून घेऊन, आणि श्वासाला थांबतो. तो श्वास ऐकू येतो. त्यांनी तो कापलेला नाही. मग उरलेली अर्धी.

चहा वर आला. कप खणखणले. मागच्या रांगांत लोकांनी कप घेतले, कुणी हळूच फुंकर मारली, दोघं-तिघं उठून खिडकीपाशी गेले. बाईंनी शिपायाला हातानं नको म्हटलं. माझा मित्र कप घेऊन बसला, पण बशीचा आवाज होऊ देत नव्हता. सरांनी कप घेतला आणि तो तसाच धरून बसले. चष्मा नसल्यामुळं ते कुणीकडं बघत होते ते कळत नव्हतं. ट्रम्पेट एका जागी घसरला. पुढं आणखी एकदा. रेकॉर्ड संपली तेव्हा सरांच्या चहावर साय आली होती.

टाळ्या आमच्याकडं वाजवत नाहीत. लोक बोलायला लागले, जेवणाचं, उन्हाचं. मित्र म्हणाला, "मियाँ, बुड्ढा हो गया तेरा बाजेवाला." बाई टेबलापाशी आल्या.

"हे ते नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण बरं होतं. ते दुसरं मला भरून द्या."

"बाई, कॅसेट आता कुठं मिळते?"

"कशातही द्या. पण पूर्ण द्या."

मी वायरी गुंडाळल्या, स्पीकर खाली टेम्पोत चढवले. बायको स्कूटरपाशी उभी होती. सर जिना उतरून आले, चष्मा परत नाकावर. मला वाटलं, ओरडल्याबद्दल बोलतील, आणि मी तयारीतच होतो.

"तुमचा तो ट्रम्पेटवाला," ते म्हणाले. "दोनदा घसरला."

"तीनदा," मी म्हणालो.

"दोनदा. तिसऱ्या वेळी तो घसरलाच नाही. पियानोवाला त्याच्या आधीच खाली उतरला आणि त्याला तिथं झेलला. ऐकलं नाहीत?"

"असं काही नाही तिथं."

"आहे."

"सर, ती रेकॉर्ड मला पाठ आहे."

"पाठ असेल. ऐकलेली नाही."

माझं डोकं परत तापलं. एवढं बोलून झाल्यावर, सगळ्या मंडळासमोर माझी घंटा झाल्यावर, हा माणूस मला माझीच रेकॉर्ड शिकवत होता. तेसुद्धा एकदाच ऐकून, हातात चहाचा कप धरून.

"चला आता," बायको म्हणाली. "कुकर लावायचाय."

"वर चला," मी सरांना म्हणालो. "लावून बघू."

"आत्ता?"

"आत्ताच. उद्या तुम्ही म्हणाल, टाळलं."

सरांनी घड्याळ बघितलं. मग टेम्पोत हात घालून रेकॉर्डचं कव्हर उचललं. "ही मी धरतो. तुम्ही मशीन घ्या. आणि एक स्पीकर, दोन कशाला?"

"एकावर पियानो नीट कळत नाही. दोन लागतील."

"ठीक. दोन."

शिपाई हॉलला कुलूप लावून खाली आला होता. म्हणाला, "साहेब, मला पण घर आहे." मी त्याच्याशी बोलायला लागलो. तो नाही म्हणाला, मी पुन्हा बोललो. शेवटी तो म्हणाला की कप धुवायचे राहिलेत, तेवढ्यात काय ते ऐका. बायको जिन्याच्या पायरीवर पदर खोचून बसली आणि म्हणाली, "दोघांना घरं नाहीत."

सर माझ्या पुढं जिना चढत होते. एका हातात रेकॉर्ड छातीशी धरलेली, दुसरा कठड्यावर. वळणावर थांबून मागं न बघता म्हणाले, "हराल तुम्ही."

"बघू की," मी म्हणालो. स्पीकर जड होता.

ती जागा आम्ही परत परत लावली. कोण बरोबर होतं ते मी इथं लिहिणार नाही. सर हे वाचतात.